विश्लेषण : सायलेन्सर बदलल्याने कार खरेच वेगवान होते?

मागे चकचकीत दुहेरी नळ्या, चावी फिरवताच घुमणारा आवाज आणि ‘ताकद आरामात वाढेल’ हे दुकानदाराचे आश्वासन. एवढ्या भांडवलावर हजारो रुपयांचे एग्झॉस्ट विकले जातात. यातला आवाज नक्की मिळतो. ताकदीचे मात्र तसे नाही.

नळीत काय घडते?

बोलीभाषेत सगळ्याच नळकांड्यांना सायलेन्सर म्हणतात. प्रत्यक्षात इंजिनाला लागून मॅनिफोल्ड, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पुढे रेझोनेटर आणि शेवटी मफलर अशी ही साखळी असते. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळालेला वायू दाबाने बाहेर पडतो आणि त्याबरोबर दाबाची लाट नळीतून धावते. नळ्या जिथे एकत्र येतात तिथून कमी दाबाची लाट उलट परतते. ती व्हॉल्व्ह बंद होण्याआधी पोहोचली, तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते आणि ताज्या मिश्रणाला जागा करून देते. ही वेळ जुळणे नळीच्या लांबी-रुंदीवर अवलंबून असते, म्हणून एका विशिष्ट आरपीएमच्या आसपासच तो फायदा मिळतो.

‘इंजिनाला थोडे बॅक प्रेशर लागतेच’ हे गॅरेजमधले आवडते वाक्य अर्धेच खरे आहे. अडथळा कोणत्याच इंजिनाला नको असतो, वायूचा वेग हवा असतो. नळी गरजेपेक्षा जाड केली की तो मंदावतो आणि कमी आरपीएमवरची ओढ घटते. सिग्नलवरून निघताना किंवा घाट चढताना हीच ओढ लागते.

लहान कारला किती फायदा?

फारसा नाही. ८०-९० हॉर्सपॉवरच्या साध्या पेट्रोल इंजिनात फक्त मागचा मफलर बदलला, तर मिळणारी वाढ चालकाला जाणवणेही कठीण. खरा अडथळा बहुतेकदा पुढच्या भागात असतो. पण अनेक नव्या इंजिनांत मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, तो बदलताच येत नाही. टर्बो इंजिनाची गोष्ट वेगळी. तिथे टर्बाइननंतरची वाट मोकळी केल्यास फरक पडतो, पण सहसा ईसीयूचे नव्याने ट्यूनिंग केले तरच. आणि नेमका तिथेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो.

तो काढून सरळ पाइप टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा मुलामा असलेली ही जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांचे कमी घातक वायूंत रूपांतर करते. ती नसल्याचे मागचा ऑक्सिजन सेन्सर ओळखतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. पीयूसीत गाडी अडकते ती वेगळीच.

गोंगाट आणि थकवा

चार सिलिंडरचे इंजिन ३ हजार आरपीएमला फिरते तेव्हा सेकंदाला १०० स्फोट होतात. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने जाणाऱ्या लहान कारचे इंजिन याच्याच आसपास फिरत असते. मूळ रेझोनेटर ही घरघर गिळतो. तो काढला की दुकानासमोर भारदस्त वाटलेला आवाज पुणे-मुंबई प्रवासात तास-दोन तास कानात घुमत राहतो, आणि मागे बसलेल्या आई-वडिलांचे डोके दुखू लागते!

कायदा काय सांगतो?

कारसाठी उत्पादनाच्या टप्प्यावर आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. डेसिबलचे माप सरळ चढत नाही. १० ने वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनमानी फेरबदल करू देत नाही. उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्या गुन्ह्यातच १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवान्यावर गदा. पोलिसांची नजर आजवर मुख्यतः पुंगळी काढलेल्या बुलेटवर राहिली, जप्त सायलेन्सरवर रोड रोलरही फिरले. पण कलमे कारलाही तीच लागू आहेत. वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यात येणारी अडचण तर दंडापेक्षा महाग पडू शकते.

गंजलेला सायलेन्सर बदलायचा असेल तर?

एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होते. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ते मफलरमध्येच साचते आणि पत्रा आतून सडतो. कोकणात खारी हवा बाहेरूनही हातभार लावते. अशा वेळी कंपनीच्याच मापाचा, आतली रचना तीच असलेला मफलर बसवावा, शक्य असल्यास स्टेनलेस स्टीलचा. बसवल्यावर इंजिन सुरू ठेवून सांध्यांवर गळती तपासून घ्यावी, कारण पुढच्या सांध्यातून सुटणारा वायू केबिनमध्येही शिरू शकतो.