किरणोपचारानंतरची दाढ : एका शतकाचा मागोवा

1922 साली पॅरिसच्या रेडियम संस्थेतील क्लॉद रेगो यांनी किरणोपचारानंतर जबड्याच्या अस्थीला येणाऱ्या मृत्यूचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून कर्करोगातून बचावलेल्या माणसाची एखादी किडकी दाढ काढावी की राखावी, हा प्रश्न वैद्यकापुढे उभा आहे, आणि त्याला शतकभरात मिळालेली पुष्कळशी उत्तरे, माझ्या मते, विचारापेक्षा भीतीने दिलेली होती.

ती भीती निराधार मात्र नव्हती. किरणांनी अर्बुदाबरोबर हाडातील सूक्ष्म रक्तवाहिन्याही क्षीण होतात, आणि खालच्या जबड्याची भिस्त वरच्याच्या मानाने थोड्याच वाहिन्यांवर असल्यामुळे, दाढ काढल्यावरची जी खाच एरवी काही आठवड्यांत भरून यावयाची, ती येथे महिनोन्महिने उघडी राहून तिच्यातून मृत हाड दिसू लागते. पुढे पू, असह्य ठणका, गालावर नासूर आणि प्रसंगी जबड्याचा अस्थिभंग. म्हणून किरणोपचारापूर्वी किडके-धडके सारेच दात सरसकट काढून टाकण्याचा शिरस्ता अनेक रुग्णालयांत दीर्घकाळ चालला. रोग्याला बरे होऊन पुढे जेवायचे आहे, याचा त्या फर्मानात विचारच नव्हता. सत्तरीच्या दशकात ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातील मंडळींनी, लाळ आटलेल्या तोंडातही रोज फ्लोराइडचा लेप दिल्यास दात राखता येतात, हे दाखवले, तेव्हा कोठे तो शिरस्ता सैल झाला.

1983 साली अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स यांनी सिद्धान्त मांडला की, अशा हाडाला मुख्यतः प्राणवायूचीच वाण पडते. 1985 च्या त्यांच्या 74 रोग्यांच्या प्रयोगात दात काढल्यानंतर नुसत्या पेनिसिलिनवर असलेल्यांपैकी सुमारे 30 टक्क्यांना, तर उच्चदाबाचा प्राणवायू मिळालेल्यांपैकी सुमारे 5 टक्क्यांनाच अस्थिनाश झाला, आणि पुढची कित्येक वर्षे ही खर्चिक तजवीज अनेक ठिकाणी प्रमाण मानली गेली. परंतु 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘होपॉन’ या चाचणीत सहा महिन्यांनंतरचे प्रमाण प्राणवायू घेतलेल्यांत 6.4 टक्के व न घेतलेल्यांत 5.7 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच, आढळले.

आज तारतम्य पाहावे लागते ते प्रत्येक दाताचे : तो खालच्या जबड्यात मागे आहे काय, त्या जागी 60 ग्रे (किरणमात्रेचे एकक) च्या आसपास वा अधिक मात्रा पोचली काय, मूळ राखून नुसता वरचा भाग छाटता येईल काय. सडकी दाढ तशीच ठेवणे हाही निर्धोक मार्ग नव्हे, कारण तिचा जंतुसंसर्गही हाडात उतरतो. आणि वर्षे लोटली की धोका आपोआप मावळतो, हा समज टिकलेला नाही.

आपल्याकडे तंबाखू, मिसरी आणि गुटख्याने ग्रासलेले किती तरी लोक मुंबईच्या टाटा रुग्णालयात किरणांचा शेक घेऊन विदर्भ-मराठवाड्यातील आपापल्या गावी परततात, आणि काही वर्षांनी दाढ ठणकली की तालुक्याच्या दंतवैद्याच्या खुर्चीत बसतात. त्या दंतवैद्याने चिमटा हाती घेण्यापूर्वी किरणोपचाराचा कागद मागावा, आणि तो हरवला असेल तर जबड्याच्या कोणत्या भागाला किती ग्रे मिळाले याचा दाखला मूळ रुग्णालयाकडून मागवावा. मधल्या मुदतीत ठणक्यावर औषध देता येते.