गॅस आला तरी चूल पेटतीच: घरगुती ऊर्जा-दारिद्र्याविषयीचे गैरसमज

स्वयंपाक, उजेड आणि ऊब यांसाठी लागणारे स्वच्छ, सुरक्षित इंधन घराला न मिळणे किंवा न परवडणे म्हणजे घरगुती ऊर्जा-दारिद्र्य. भारतात ते सर्वांत ठळक दिसते चुलीपाशी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरे देशात सुमारे ५९ टक्के आढळली. ग्रामीण भागात ती ४३ टक्केच होती.

गॅसची जोडणी मिळाली की चूल विझते, असे गृहीत धरले जाते. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत ८ कोटी जोडण्या दिल्या गेल्या. हे काम मोठे आहे, यात शंका नाही. पण जोडणी एकदाच मिळते. सिलिंडर पुन्हा पुन्हा भरून आणावा लागतो. विदर्भाच्या कापूसपट्ट्यात वेचणी संपली की पऱ्हाट्या आणि तुराट्या सरपण म्हणून फुकट घरी येतात. १४.२ किलोच्या सिलिंडरला मात्र एकरकमी पैसे मोजावे लागतात. अनुदान असले, तरी ते नंतर बँक खात्यात जमा होते. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात ही रक्कम एका वेळी हाताशी असतेच असे नाही. म्हणून सकाळचा चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर होतो, तर भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. याला बायकांचा हट्ट किंवा चुलीच्या चवीची ओढ म्हणणे अन्यायाचे आहे. मुख्य अडचण पैशांची आहे.

‘धुराची सवय होते, जुन्या बायका चुलीपुढेच म्हाताऱ्या झाल्या,’ हा समज अधिक घातक. सवयीने डोळ्यांची चुरचुर कमी जाणवत असेल, पण फुप्फुसांना धुराची सवय होत नाही. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने अशा कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. धुराडे नसलेल्या स्वयंपाकघरात चूल पेटली की हे प्रमाण शेकड्यांत जाते. कधी विडीला हातही न लावलेल्या बाईला श्वासनलिका अरुंद करणारा दीर्घ विकार जडतो, त्यामागे अनेकदा हाच धूर असतो. मोतीबिंदूचा धोकाही वाढतो. सर्वाधिक हाल होतात ते आईच्या कडेवर किंवा चुलीजवळच्या झोळीत असलेल्या बाळाचे. घरातल्या प्रदूषणामुळे लहान मुलांना न्यूमोनिया होण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात या प्रदूषणाने ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक होती.

वीज गावात पोचली म्हणजे घर उजळले, हाही अर्धाच खरा हिशेब. २००४ पासूनच्या सरकारी व्याख्येत गावातल्या दहा टक्के घरांत आणि शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणी वीज आली की गाव विद्युतीकृत ठरते. वीज नसलेल्या, बिल थकल्याने ती तोडलेल्या किंवा सतत भारनियमन सोसणाऱ्या घरात रॉकेलची चिमणी पेटते. तिच्या साध्या वातीतून जळणाऱ्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के इंधनाची काजळी होते. अभ्यासाला बसलेले मूल ती अगदी जवळून श्वासात घेते. चिमणी कलंडून भाजण्याचा धोका वेगळाच.

धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज तर थेट जीवावर बेततो. थंडीत बंद खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी लालबुंद दिसते, धूर जवळपास देत नाही. पण तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत असतो. हा वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गीझरही असाच घात करतो. पेटती शेगडी खोलीत ठेवून कोणीही झोपू नये. डोके दुखू लागले, तर घरातल्या सगळ्यांनी लगेच मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांना शेगडीबद्दल आवर्जून सांगावे.