पोहण्याच्या शर्यतीत जिंकतं कोण, अंग की अंगावरचा सूट? बंदी का आली, नियम काय आणि पालकांनी काय घ्यावं

पन्हाळा : कासारी, कुंभी आणि वारणा काठच्या गावांत पोरं पवायला शिकतात ती विहिरीत नाहीतर नदीत. पाठीला डबा नाहीतर ट्यूब, अंगात जुनी चड्डी आणि काठावर कुणीतरी मोठं माणूस. त्यातलं एखादं पोर शाळेच्या स्पर्धेत पुढं गेलं की मग तरण तलाव, प्रशिक्षक, चष्मा, टोपी असा खर्च सुरू होतो. त्यापाठोपाठ प्रश्न येतो, मोबाइलवर दिसतो तो दहा-वीस हजारांचा पोहण्याचा सूट घ्यायचा का? तो घातल्याशिवाय पोरगं मागं पडेल का?

हा प्रश्न फक्त पन्हाळ्यातल्या पालकांचा नाही. 2008 आणि 2009 या दोन वर्षांत याच प्रश्नावरून जगभरच्या जलतरणात मोठा वाद झाला. शेवटी काही सूटवर बंदी घालावी लागली. तो वाद समजून घेतला तर खिशात हात घालायचा की नाही, हे ठरवणं सोपं जातं.

चड्डी ते अंगभर सूट

पूर्वी पुरुष पोहणारे लहान, घट्ट चड्डी घालूनच शर्यतीत उतरायचे. अंग जितकं मोकळं तितकं बरं, असा समज होता. अंगावरचे केस काढून उतरायची पद्धत आजही आहे, कारण केसांमुळं पाणी अडतं.

2000 च्या सिडनी ऑलिंपिकच्या सुमारास चित्र बदललं. शार्क माशाच्या कातडीवरून कल्पना घेऊन बनवलेले अंगभर सूट आले. कपडा कातडीपेक्षाही पाणी चांगलं कापू शकतो, असं कंपन्या सांगू लागल्या.

खरा धमाका झाला फेब्रुवारी 2008 मध्ये. स्पीडो कंपनीनं ‘एलझेडआर रेसर’ नावाचा सूट आणला. त्याच्या कापडाच्या चाचण्या अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेच्या वाऱ्याच्या बोगद्यात झाल्या होत्या. या सूटला दोऱ्याची शिवण नव्हती, तुकडे ध्वनिलहरींनी जोडलेले होते. छाती, पोट, मांडी अशा ठिकाणी पॉलियुरेथेनच्या, म्हणजे रबरासारख्या पदार्थाच्या पट्ट्या होत्या. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये जलतरणाचे 25 जागतिक विक्रम मोडले. त्यातले 23 हा सूट घातलेल्यांनी मोडले.

सूट नेमकं करतो काय?

पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट आहे. गुडघाभर पाण्यातून ओढा ओलांडताना पाय कसा जड होतो, हे गावात कुणाला सांगायला नको. पोहणाऱ्याची बरीचशी ताकद हा अडथळा कापण्यातच जाते. सूट तिथं तीन कामं करतो.

पहिलं, तो अंग आवळून धरतो. पोट, मांड्या, पाठ हलत नाहीत आणि शरीर सरळ, गुळगुळीत राहतं. गवंडी पट्टा बांधून उभा राहतो तेव्हा कंबरेला जसा आधार मिळतो, तसंच काहीसं.

दुसरं, पॉलियुरेथेन पाणी शोषत नाही. सुती चड्डी भिजून जड होते, हा सूट होत नाही.

तिसरं काम सगळ्यात वादाचं ठरलं. रबरासारख्या सूटमध्ये थोडी हवा अडकून राहते आणि शरीर पाण्यात किंचित वर तरंगतं. अंग जितकं वर, तितकं पाणी कमी अडवणार. शेवटच्या 20-25 मीटरला दमल्यावर कंबर खाली जाते आणि वेग पडतो. सूट तीच कंबर वर धरून ठेवतो.

सुमारे 2 टक्क्यांचा फायदा या सूटबाबत त्या वेळी सांगितला जात होता. ऐकायला कमी वाटतं. पण वरच्या पातळीवर पहिला आणि आठवा यांच्यात तेवढाही फरक नसतो.

रोममध्ये काय घडलं?

2009 मध्ये रोमला जागतिक स्पर्धा झाली. तोवर दुसऱ्या कंपन्यांनी जवळजवळ पूर्ण पॉलियुरेथेनचेच सूट काढले होते. आठ दिवसांत 43 जागतिक विक्रम मोडले.

सगळ्यात गाजली ती 200 मीटर फ्रीस्टाइलची शर्यत. बीजिंगमध्ये या प्रकारात अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सनं 1 मिनिट 42.96 सेकंदांचा विक्रम करून सुवर्ण घेतलं होतं. जर्मनीचा पॉल बीडरमन तिथं 1 मिनिट 46 सेकंदांसह पाचवा आला होता. वर्षभरात बीडरमननं नवा सूट घालून 1 मिनिट 42.00 सेकंदांत शर्यत मारली आणि जुन्या सूटमधल्या फेल्प्सला मागं टाकलं. एका वर्षात 4 सेकंद कमी! सूटमुळं फायदा झाला हे बीडरमननंही नाकारलं नाही. हा गोंधळ मिटेपर्यंत फेल्प्स आंतरराष्ट्रीय शर्यतीत उतरणार नाही, असा इशारा त्याच्या प्रशिक्षकानं दिला.

पण त्याच स्पर्धेत उलटंही घडलं. 100 मीटर बटरफ्लायमध्ये सर्बियाचा मिलोराद चाविच नव्या सूटमध्ये होता, तर फेल्प्स जुन्याच. तरीही फेल्प्सनं 49.82 सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्याला हरवलं.

दोन्ही बाजूंचं म्हणणं

सूटच्या बाजूचे लोक म्हणत, खेळ काळाबरोबर बदलतो. कुस्ती मातीवरून मॅटवर आली, मॅटवर बूट आले. सायकल हलकी झाली. मग पोहणाऱ्यानं नवा कपडा वापरला तर काय बिघडलं? हात तर त्यालाच मारावे लागतात.

विरोधकांचे मुद्दे तीन होते. एक, पैसा. एलझेडआर सूटची किंमत साधारण 550 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानं 20 हजार रुपयांहून जास्त. तोही घट्ट इतका की चढवायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची आणि थोड्याच शर्यतींत निकामी व्हायचा. गरीब देशांच्या पोहणाऱ्यांनी काय करायचं? दोन, सगळ्यांना सारखा फायदा होत नव्हता. ज्याचं अंग मुळात सडसडीत आणि कसलेलं त्याला कमी, ज्याचं अंग सैल त्याला जास्त. म्हणजे वर्षानुवर्षं घाम गाळलेल्याचा मेवा दुसऱ्याच्या ताटात. तीन, विक्रम माणसाचा की कारखान्याचा, हेच कळेनासं झालं.

शेवटी जलतरणाच्या जागतिक संघटनेनं रोममध्येच मतदान घेतलं. 168 विरुद्ध 6 मतांनी सूटवर बंदी घालायचं ठरलं आणि 1 जानेवारी 2010 पासून ती लागू झाली.

आजचा नियम काय?

तलावातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींसाठी नियम असा :

- पुरुषांचा सूट बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जाता कामा नये.
- महिलांचा सूट गुडघ्याच्या खाली जाऊ नये, मान झाकू नये आणि खांद्याच्या पुढं हातावर येऊ नये.
- सूट कापडाचाच हवा, रबरी नको. चेन चालत नाही.
- सूट जागतिक संघटनेच्या मान्य यादीतला हवा. अशा सूटवर मान्यतेची खूण असते.

म्हणजे सगळे पुन्हा लहान चड्डीवर आले असं नाही. पुरुष आता बहुतेक गुडघ्यापर्यंतचा घट्ट ‘जॅमर’ घालतात. महागडे सूट आजही आहेत, पण ते कापडाचे आणि मापातले.

बंदीनंतर 2009 चे विक्रम कधीच मोडणार नाहीत, असं अनेकांना वाटत होतं. काही फार काळ टिकलेही. 100 मीटर फ्रीस्टाइलचा 46.91 सेकंदांचा विक्रम 13 वर्षांनी, 2022 मध्ये रुमानियाच्या 17 वर्षांच्या डेव्हिड पोपोविचीनं मोडला, तोही रोममध्येच. बीडरमनचा 400 मीटरचा विक्रम 2025 मध्ये त्याच्याच देशाच्या लुकास मेर्टेन्सनं मोडला. सूटनं जे दिलं होतं, ते सरावानं गाठायला इतकी वर्षं लागली. पण गाठलं.

कोल्हापूरचा दाखला

हा सगळा काळ कोल्हापूरच्या एका जलतरणपटूनं तलावातूनच पाहिला. वीरधवल खाडे 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 50, 100 आणि 200 मीटर फ्रीस्टाइलला उतरले तेव्हा जेमतेम 16 वर्षांचे होते. ते ऑलिंपिक म्हणजे अंगभर सूटचा भर होता.

त्यांचं सगळ्यात मोठं पदक मात्र बंदीनंतर आलं. नोव्हेंबर 2010 मध्ये चीनमधल्या ग्वांगझू इथल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी 50 मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य जिंकलं. खजान सिंग यांच्या 1986 च्या रौप्यपदकानंतर 24 वर्षांनी भारताला आशियाई जलतरणात पदक मिळालं. तेव्हा सगळेच कापडी सूटमध्ये होते. पुढं 2011 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि राज्य सरकारनं तहसीलदार पदावर नेमणूक केली.

2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत 22.43 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम शर्यतीत वेळ आली 22.47 सेकंद. तिसऱ्याची होती 22.46. एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं पदक हुकलं. त्या पातळीवर सूट, टोपी, नख सगळं मोजलं जातं ते यासाठी.

दुसरा दाखला शेजारच्या सांगली जिल्ह्यातला, इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमामुळं ते घराघरांत माहीत झाले. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या या जवानानं 1972 मध्ये जर्मनीत 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण आणलं. तेव्हा असल्या सूटचा जन्मही झाला नव्हता.

मग पालकांनी काय करायचं?

हिशेब साधा आहे. समजा एखादं पोर 50 मीटर 40 सेकंदांत पोहतं. बंदी आलेल्या सूटचा 2 टक्के फायदा धरला तरी तो 0.8 सेकंद होतो. आजच्या कापडी सूटचा त्याहून कमीच. आणि उडी उशिरा पडली, भिंतीला पाय नीट लागला नाही, श्वास घेताना डोकं वर उचललं, तर त्यापेक्षा जास्त वेळ जातो. हे सुधारायला पैसे लागत नाहीत, सराव आणि बघणारा जाणकार लागतो.

अमेरिकेच्या जलतरण संघटनेनं तर 2020 पासून 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना असे महागडे सूट शर्यतीत घालायला मनाई केली आहे. लहान वयात खर्चाची चढाओढ नको आणि मुलांचं लक्ष शिकण्यावर राहावं, हा त्यामागचा विचार.

खेळाच्या गुणांसाठी आणि सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणासाठी अनेक घरं पोटाला चिमटा काढून खर्च करतात. तो खर्च योग्य जागी व्हावा म्हणून काही गोष्टी :

- सुरुवातीला साधा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा जॅमर पुरतो. पॉलिस्टर क्लोरीनच्या पाण्यात लायक्रापेक्षा जास्त टिकतं.
- वापर झाला की साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायचा. पिळायचा नाही, मशीनमध्ये टाकायचा नाही.
- सुती चड्डी, बनियन तलावात नको. पाणी धरून जड होतात आणि धागे तलावाच्या गाळणीत अडकतात.
- पैसे असतील तर आधी चांगला चष्मा आणि प्रशिक्षकाची फी, मग सूट.
- महाग सूट घ्यायचाच तर राज्य-राष्ट्रीय पातळीवर, आणि तोही प्रशिक्षकाला किंवा स्पर्धेच्या आयोजकांना नियम विचारूनच. नियमात न बसणारा सूट घातला तर खेळाडू बाद होऊ शकतो.

मुलींचा प्रश्न वेगळा

गावाकडं अनेक मुलींचं पोहणं वयात आल्यावर थांबतं. कारण ताकद नसते असं नाही, कपड्याचा संकोच असतो. इथं दोन गोष्टी घरच्यांना माहीत असायला हव्यात. एक, आंतरराष्ट्रीय नियमातही मुलींना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत झाकणारा सूट चालतो. आखूडच घातला पाहिजे अशी सक्ती नाही. दोन, हा नियम शर्यतीपुरता आहे. शिकताना आणि सरावाला पूर्ण हाता-पायाचा पोहण्याचा पोशाख घालायला हरकत नसते, फक्त तो पोहण्याच्या कापडाचा आणि अंगाबरोबर बसणारा हवा. सैल पंजाबी ड्रेस किंवा ओढणी पाण्यात पायात अडकते आणि ते जिवावर बेतू शकतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सूटनं होत नाही. पोहता न येणाऱ्याला कोणताही सूट वाचवत नाही. विहीर असो वा तलाव, शिकणाऱ्या पोरासोबत काठावर पोहणारं मोठं माणूस हवंच.