‘टॅक्स आम्ही भरतो!’ : सायकल मोर्चा, गाडीवाले आणि रस्त्याचा हक्क

परभणीत सायकल मोर्चा निघाला की मागच्या गाडीच्या काचेतून एक वाक्य हमखास बाहेर येतं : “टॅक्स आम्ही भरायचा अन् रस्ता या फुकट्यांनी अडवायचा?” वसमत रोडला ते ऐकलंय, जिंतूर रोडला ऐकलंय, स्टेशनसमोरच्या चहाच्या हॉटेलात तर कितीदा. बोलणारे शिकलेले असतात, चांगल्या नोकरीतले असतात. आणि ते इतक्या खात्रीने बोलतात की पुढचा सायकलवाला मान खाली घालून कडेच्या मुरमात उतरतो. वाईट त्याचंच वाटतं. कारण या वाक्यात खरं म्हणावं असं जवळपास काहीच नाही.

आधी हे मोर्चे निघतात कशासाठी, ते आठवू. इंधन दरवाढीविरुद्ध सायकल काढणं ही महाराष्ट्रात सर्वपरिचित रीत आहे. 1 मार्च 2021 ला काँग्रेसचे नेते सायकलवरून विधानभवनात गेले, त्याच वर्षी जुलैत राज्यभर सायकल यात्रा निघाल्या. परभणीला तर याचं खास कारण होतं. त्या काळात देशातलं सर्वांत महाग पेट्रोल कुठे, असं विचारलं की आपल्या शहराचं नाव यायचं. एप्रिल 2022 मध्ये इथे लिटरला 123 रुपयांच्या वर दर गेला होता. यावरही एक गैरसमज ऐकू येतो, की परभणीवर सरकारने जादा कर लावला आहे. तसं नाही. तेव्हा पेट्रोलवरचा व्हॅट मुंबई, ठाणे, औरंगाबादसारख्या काही शहरांत 26 टक्के होता, परभणीसह उरलेल्या राज्यात 25. फरक पडतो तो मनमाडच्या डेपोपासून इथवर टँकरने यायला लागणाऱ्या तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वाहतूक खर्चाने.

आता टॅक्सचं. गाडी घेताना आरटीओत आपण जो एकरकमी कर भरतो, तो 1958 च्या मोटार वाहन कर कायद्याखालचा राज्याचा कर. तो गाडीवर असतो आणि राज्याच्या तिजोरीत जमा होतो. ती पावती म्हणजे वसमत रोडचा सातबारा नव्हे. महापालिकेच्या हद्दीतले रस्ते मालमत्ता कर आणि सरकारी अनुदानातून होतात. सायकलवाल्याच्या घराची घरपट्टीही त्यात असते. जिल्हा परिषदेचे रस्ते अनुदान आणि जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के घालतं, आणि हा पैसा प्रत्येक खरेदीवर कर भरणाऱ्या सगळ्यांचा असतो. खुद्द सायकलवरही जीएसटी आहे : सप्टेंबर 2025 पर्यंत 12 टक्के होता, आता 5. मग फुकटा कोण?

इथे कोणी म्हणेल, पेट्रोल-डिझेलवर रस्त्यांसाठीचा उपकर असतो, तो तर आम्हीच भरतो. बरोबर, तसा उपकर आहे. पण पालमचा किंवा सोनपेठचा शेतकरी नांगरटीला ट्रॅक्टर लावतो, तेव्हा ते डिझेल वावरातच जळतं, डांबराला टायरही लागत नाही. उपकर मात्र त्याला भरावाच लागतो. तो शेतकरी संध्याकाळी सायकलवर बाजारात आला, तर त्याने कोणत्या रस्त्याचे पैसे बुडवले?

आणि कर नुकसानीच्या प्रमाणात लावायचा म्हटलं, तर गाडीवाल्यांनी हा विषय काढूच नये. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक चालवून मोठी चाचणी झाली. जगभरच्या रस्ता अभियंत्यांनी तिच्यातून घेतलेला ढोबळ नियम असा : रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे वजन दुप्पट झालं की झीज सोळापट. माणसासह सायकल 80 किलो धरली तर एका आसावर 40 किलो येतात. 1,200 किलोच्या मोटारीत एका आसावर 600, म्हणजे पंधरापट. पंधराचा चौथा घात 50,625. मोटार एकदा गेल्यावर जितकी झीज होते, तितकी व्हायला सायकलीला पन्नास हजारांहून जास्त फेऱ्या माराव्या लागतील. गाळप हंगामात पाथरी-गंगाखेडकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर या हिशोबात कुठे बसतात, ते ज्याने त्याने करून पाहावं. बाकी काम आपली काळी माती करते : पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचं डांबर तडकतं. त्यातही सायकलचा काही हात नाही.

यातली एक बाब मला सर्वांत जास्त टोचते. मराठवाड्यातल्या कितीतरी गावरस्त्यांचा पहिला भराव आणि पहिली खडी बहात्तरच्या दुष्काळातली आहे. बाया-माणसांनी उन्हात बसून, मजुरीवर, हाताने फोडलेली. त्यांच्यापैकी कोणाच्या दारात मोटार होती? पुढे रोजगार हमी योजनेसाठी 1975 पासून राज्यात व्यवसाय कर आला. तो सायकलवर शाळेत जाणाऱ्या मास्तरच्या पगारातूनही कापला गेला. या रस्त्यांवर “आमच्या पैशाचा” म्हणून हॉर्न दाबून धरणाऱ्याने हा इतिहास निदान ऐकून तरी घ्यावा.

मुळात हक्काचा प्रश्न कराशी बांधलेलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1954 च्या सगीर अहमद खटल्यात सांगितलं की सार्वजनिक रस्ते सरकारच्या ताब्यात असतात ते जनतेचे विश्वस्त म्हणून, आणि त्यांवरून जाण्याचा हक्क जनतेतल्या प्रत्येकाला आहे. मोटारीला नोंदणी, परवाना आणि विमा लागतो, कारण ती माणूस मारू शकते. सायकलला हे लागत नाही म्हणून तिचा हक्क कमी होत नाही. उलट 2017 च्या केंद्रीय वाहन चालन नियमांत पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि दिव्यांग यांच्या सुरक्षेची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी वाहनचालकावर टाकली आहे. आणि सरकारचंच पाहा. मानव विकास कार्यक्रमातून आपल्या जिल्ह्यातल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात, कारण शाळा चार-पाच किलोमीटरवर असते आणि एसटी वेळेवर मिळेलच असं नाही. राज्याने स्वतःच्या पैशाने मुलीच्या हातात सायकल द्यायची आणि रस्त्यावर कोणीतरी तिला फुकटी ठरवायचं, हे मला सहन होत नाही.

आता मोर्चाबद्दलचे बाकीचे आक्षेप. “सायकल मोर्चा म्हणजे बेकायदा रास्ता रोको.” नाही. निःशस्त्र, शांततेने जमण्याचा हक्क घटनेच्या 19 व्या कलमात आहे. पोलीस त्यावर मार्ग, वेळ, कोणता चौक टाळायचा अशा वाजवी अटी घालू शकतात, आणि महाराष्ट्र पोलीस कायद्यात तसे अधिकार आहेत. पण याच कायद्याखालचा अहमदाबादचा सभेच्या परवानगीचा नियम हिंमतलाल शाह खटल्यात 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण त्यात अधिकाऱ्याच्या मर्जीला काही धरबंधच नव्हता. दुसऱ्या बाजूने, ऑक्टोबर 2020 च्या शाहीनबाग निकालात न्यायालयाने हेही सांगितलं की रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही. सायकल मोर्चा बसत नाही, चालत राहतो. जमावबंदी लागू असेल, जशी डिसेंबर 2024 मध्ये परभणीत होती, तर गोष्ट वेगळी. एरवी पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्यावा, मार्ग आणि वेळ लिहून द्यावी, पोच घ्यावी. आयोजक इथे आळस करतात आणि मग भांडण वाढतं, हेही सांगायला हवं.

“दोघं-दोघं शेजारी चालतात, म्हणून ओव्हरटेक करता येत नाही.” गणित उलटं आहे. चाळीस सायकली एकामागे एक लावल्या, प्रत्येकीला अंतरासह पाच मीटर दिले, तर रांग दोनशे मीटरची होते. दोन-दोनची केली तर शंभराची. रांग ताशी 15 किलोमीटरने चालली असेल आणि मोटार 40 ने, तर दोनशे मीटरची रांग मागे टाकायला मोटारीला जवळपास अर्धा मिनिट समोरच्या लेनमध्ये राहावं लागतं. दोन-दोनच्या रांगेला त्याच्या निम्मा वेळ पुरतो. सात मीटरच्या दुपदरी रस्त्यावर एकट्या सायकललाही पुरेसं अंतर सोडून पुढे जायचं तर पलीकडच्या लेनमध्ये जावंच लागतं. समोरून गाडी येत असेल तर थांबायचं, एवढंच. मात्र तिघं-चौघं आडवे चालायला लागले, तर तिथे गाडीवाल्याची तक्रार रास्त आहे.

“यांच्यामुळे तासभर खोळंबा होतो.” शंभर मीटरची रांग ताशी 12 किलोमीटरने चालली, तर चौक ओलांडायला तिला अर्धा मिनिट लागतो. डीजेची वरात त्याच चौकात तासभर नाचते, तेव्हा टॅक्सचा विषय कोणी काढत नाही.

“अँब्युलन्स अडकते.” भीती खरी आहे, आणि ती कोणी हसण्यावारी नेऊ नये. पण सायकलस्वार क्षणात सायकल उचलून कडेला होतो. कोंडीतली मोटार कुठे उचलणार? अँब्युलन्सला वाट न देणाऱ्या वाहनचालकाला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीने आली आहे. मोर्चाच्या पुढे आणि मागे शिट्टी असलेला एकेक स्वयंसेवक ठेवावा, हे आयोजकांचं काम.

“महामार्गावर सायकलला बंदी आहे.” ती असते द्रुतगती मार्गांवर, जिथे प्रवेशच नियंत्रित असतो. पाथरी-मानवत-परभणी-वसमत हा 61 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तसा नाही. मानवतची पोरं त्यावरूनच शाळेत जातात.

“हे परदेशी खूळ आहे.” सप्टेंबर 1992 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रिटिकल मास नावाची सामूहिक सायकल फेरी सुरू झाली आणि ती जगभर पसरली, हे खरं. पण 2011 च्या जनगणनेत देशातल्या जवळपास 45 टक्के घरांत सायकल होती आणि मोटार पाच टक्क्यांहून कमी घरांत. आपल्याकडे नगरपालिका सायकलवर कर लावून पितळी बिल्ला द्यायच्या, तो ज्यांनी हँडलला लावला ते आजोबा अजून आहेत.

“अशा मोर्च्यांनी काही होत नाही.” नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप आणि मुलं सायकली घेऊन रस्त्यावर उतरली, 1973 च्या तेलटंचाईने त्यांच्या मागणीला जोर आला, आणि आज दिसणारे तिथले सायकलमार्ग त्या दबावातून उभे राहिले. तशा दबावाची गरज आपल्याकडेही आहे : 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 जीव गेले, त्यांत चार हजार आठशेहून अधिक सायकलस्वार होते.

“सायकलला विमा नाही, म्हणून धडक बसली तर भरपाईही नाही.” हा गैरसमज सर्वांत घातक, कारण त्यापायी माणसं दावाच करत नाहीत. भरपाई धडक देणाऱ्या मोटारीच्या थर्ड पार्टी विम्यातून मिळते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे शक्यतो सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. वाहन पळून गेलं आणि सापडलं नाही, तरी 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये आहेत. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे द्यायचा. त्यासाठी एफआयआरची प्रत आणि दवाखान्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत.