बाबांची आर्मीतली सर्व्हिस: व्हिसा फॉर्मवर ‘यस’ की ‘नो’?

आईबाबांना अमेरिका दाखवायची, तर डीएस-१६० फॉर्म बहुतेक तुम्हीच भरणार. त्यात प्रश्न येतो: कधी सैन्यात होता का? माझे बाबा ईएमईमधून हवालदार म्हणून रिटायर झालेत. एजंट म्हणाला, ‘जुनं आहे, नो टाका.’ अजिबात नको! प्रश्नात ‘कधी’ आहे ना, मग वीस वर्षांपूर्वीचंही सांगायचं. यस केलं की देश, शाखा, हुद्दा, काम आणि तारखा विचारतात. डिस्चार्ज बुक समोर ठेवा. हत्यारांच्या ट्रेनिंगचा प्रश्न वेगळा येतो. (रायफल तर प्रत्येक जवान शिकतोच!) भारतीय सैन्यात नोकरी केली एवढ्यावरून कुणी अपात्र ठरत नाही, जाणूनबुजून खोटं लिहिलं, तर मात्र अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. भरलेला फॉर्म बाबांना वाचून दाखवा, इंटरव्ह्यूला खिडकीसमोर तेच उभे राहणार आहेत.