ऐकणारी डबी

मावशी दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी मिक्सरवर बंदी आली. चटणी शेजारून वाटून आणायची. फ्रिजजवळ तिनं जायचं नाही, टीव्हीचा रिमोट तिच्या हातात द्यायचा नाही, आणि डाव्या हातानं पाण्याचा पेलासुद्धा उचलायचा नाही. यातलं एकही डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या घरी पहिल्या आठवड्यात नियम आपोआप उगवतात, पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसे.

नातवानं त्यात भर घातली. "आजी, आता तू विजेवर चालतेस."

"मग आधी कशावर चालत होते रे?" मावशीनं विचारलं.

प्रश्न चेष्टेतला होता, पण उत्तर खरोखर तेच आहे. ती आधीही विजेवरच चालत होती. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, साइनस नोड. मेंदूनं सांगो न सांगो, तो आपला आपण दर सेकंदाला, पाऊण सेकंदाला एक विजेची लहर सोडतो. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात आर्थर कीथ यांच्या घरी हा पुंजका पहिल्यांदा एका वैद्यकीच्या विद्यार्थ्याला दिसला. मार्टिन फ्लॅक त्याचं नाव. कीथ पत्नीबरोबर सायकलवरून फिरायला गेले होते. परत आले तर हा पोरगा मोल नावाच्या, बिळात राहणाऱ्या इवल्या प्राण्याचं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांची वाट पाहत होता. 1907 मध्ये दोघांनी तो शोध प्रसिद्ध केला. हजारो वर्षं माणसं छातीवर हात ठेवून शपथा घेत आली, पण ते ठोके सुरू कुठून होतात हे कळून अजून सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत.

मावशीचा हा पुंजका थकला होता. मधेच लहर सोडायचा विसरायचा. चोवीस तास ठोके नोंदवणाऱ्या होल्टर यंत्राच्या पट्टीवर चार सेकंदांची एक रिकामी जागा निघाली. चार सेकंद म्हणजे वाचायला काहीच नाही. पण ओट्याशी उभं राहून भाकरी थापत असताना हृदय चार सेकंद थांबलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस तव्यावर कोसळू शकतो. ती दोनदा भोवळ येऊन पडली होती. आम्ही ते उपासांवर ढकललं होतं.

आता तिच्या डाव्या बाजूला, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या थोडं खाली, कातडीच्या आत टायटॅनियमची एक चपटी डबी आहे. वजन दहा रुपयांच्या तीन नाण्यांएवढं. डबीतून निघालेल्या दोन बारीक वायरी शिरेतून उतरत हृदयात गेल्या आहेत. एकीचं टोक वरच्या कप्प्यात, दुसरीचं खालच्या. छाती उघडली नाही, पूर्ण भूलही दिली नाही. जागा बधिर केली आणि तासा-दीड तासात काम झालं. मावशी मधे डॉक्टरांना त्यांचं गाव विचारत होती म्हणे.

मला वाटायचं की हे यंत्र दिवसभर हृदयाला ढोसत असेल. तसं ते नाही, आणि हे कळलं तेव्हा मी चाटच पडलो. पेसमेकरचं मुख्य काम ऐकणं हे आहे. समजा मिनिटाला साठ ठोके ही खालची मर्यादा लावली आहे. म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर यंत्र एक सेकंद थांबतं. तेवढ्यात हृदयाचा आपला ठोका आला, तर त्या वायरीतूनच काही हजारांश व्होल्टचा इशारा डबीपर्यंत पोचतो. यंत्र गप्प बसतं आणि पुन्हा सेकंद मोजायला लागतं. ठोका आलाच नाही, तरच ते बोलतं. चांगल्या तबलजीसारखं: गवय्या समेवर आला तर हा हसून पुढे जातो, नाही आला तर हलकेच सम दाखवतो.

आणि बोलतं तेही किती हळू! साधारण दोन व्होल्ट, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही निम्म्याहून कमी वेळ. मी कागदावर हिशेब करून पाहिला. एका ठोक्याला जी ऊर्जा लागते, तेवढ्यात एक डास फार तर अर्धी वीत वर उचलता येईल. एवढ्यानं मुठीएवढा स्नायू कसा आवळतो? कारण हृदयाची प्रत्येक पेशी आधीच भारलेली, तयार बसलेली असते. लवंगी फटाक्यांच्या माळेला आपण स्फोट पुरवत नाही, उदबत्तीचं टोक फक्त पहिल्या वातीला लावतो. पुढचं माळ बघून घेते. म्हणून तर काडेपेटीपेक्षा लहान बॅटरी आठ-दहा वर्षं पुरते. मिनिटाला साठ धरले तर दहा वर्षांत एकतीस कोटींहून जास्त ठोके होतात.

सुरुवातीची यंत्रं मात्र ठार बहिरी होती. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात ओके सेनिंग या शल्यविशारदांनी आर्ने लार्सन नावाच्या 43 वर्षांच्या गृहस्थांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला. लार्सन दिवसातून वीस-तीसदा बेशुद्ध पडत. त्यांची पत्नी एल्से-मारी ही सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांच्या मागेच लागली. अजून तयार नाही, असं ते म्हणत राहिले, ती ऐकेना. शेवटी एल्मक्विस्ट यांनी दोन ट्रान्झिस्टरांचं मंडल बूटपॉलिशच्या डबीत ठेवून त्यावर राळ ओतली. डबी हाच साचा. ते यंत्र काही तासांत बंद पडलं, म्हणून जवळ ठेवलेलं दुसरं बसवलं. पुढच्या त्रेचाळीस वर्षांत लार्सन यांनी एकूण सव्वीस यंत्रं वापरली. 2001 च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा 86 वर्षांचे होते, आणि कारण हृदय नव्हतं. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्या आधी गेले. 

ऐकू येणारी यंत्रं 1960 च्या दशकाच्या मध्याला आली. आणि ऐकू येतं म्हटल्यावर चुकीचं ऐकू येण्याचाही धोका आला. घरातले बहुतेक खरे नियम या एका गोष्टीतून निघतात. जवळून जोरदार विद्युत-चुंबकीय गोंगाट झाला, तर यंत्राला ते हृदयाचेच ठोके वाटू शकतात. ते म्हणतं, चाललंय की बरं, आणि गप्प बसतं. वेल्डिंगच्या मशीनपासून लांब राहायचं ते यासाठी. इंडक्शनच्या शेगडीपासून डबी दोन फूट दूर हवी. तिच्यावर वाकून फोडणीचा वास घ्यायचा नाही. मिक्सर, फ्रिज, मायक्रोवेव्ह, टीव्ही यांना मात्र खुशाल परवानगी. मिक्सर छातीशी कवटाळून कोणी चटणी वाटत नाही. दुकानाच्या दारातल्या चोरी पकडणाऱ्या खांबांमधून सरळ चालत जायचं, तिथे टेकून गप्पा मारायच्या नाहीत. विमानतळावर पेसमेकरचं कार्ड दाखवायचं.

चुंबकाची गोष्ट याहून मजेची. डबीवर पुरेसं ताकदवान चुंबक धरलं की यंत्र मुद्दाम कान बंद करून घेतं आणि आत काय चाललंय याची पर्वा न करता ठरलेल्या वेगानं ठोके देऊ लागतं. चुंबक काढलं की पुन्हा ऐकू लागतं. ही तजवीज डॉक्टरांसाठी आहे. चुंबक लावल्यावर वेग किती येतो, यावरून बॅटरी किती उरली हे कळतं. पण नव्या मोबाइलांत चार्जिंगसाठी चुंबकं असतात, म्हणून फोन डबीपासून सहा इंच लांब हवा आणि उजव्या कानाला लावायचा. यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, 'शर्टाच्या खिशात फोन ठेवू नये.' मावशीला शर्ट नाही. तिचा फोन गेली दहा वर्षं ब्लाउजात, डाव्या बाजूला खोचलेला असतो. हे पुस्तिका लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार. मी तिला कमरेला लावायची कापडी पिशवी शिवून आणली. ती तिनं सुपारीसाठी वापरायला घेतली. मग दुसरी आणली.

पहिले सहा आठवडे खरी काळजी असते ती वायरींची. टोकाला इवलासा स्क्रू किंवा आकडे असले तरी हृदयाच्या आतल्या भिंतीत ते रुजायला वेळ लागतो. तोवर डाव्या हाताचं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही. म्हणजे दोरीवर कपडे टाकणं नाही, माळ्यावरचा डबा नाही, सूर्यनमस्कार नाहीत. वेणी घालायला सून लागते. पण घाबरून हात पोटाशी बांधून ठेवला तर खांदा आखडतो, आणि ते दुखणं पेसमेकरपेक्षा जास्त रडवतं. म्हणून खांद्याच्या खाली हात हलता ठेवायचा: पोळ्या लाटा, तांदूळ निवडा, पेला तर उचलाच. मधल्या काळात शरीर डबीभोवती पातळ पिशवीसारखं आवरण विणून घेतं. परक्या वस्तूला घालवता येत नसेल तर तिला खोली बांधून द्यायची, असा त्याचा खाक्या.

पदराची पिन नेमकी डबीच्या जागी येते. झोळीचा पट्टाही. गाडीत चालकाचा पट्टा आपल्याकडे उजव्या खांद्यावरून येतो, पण शेजारच्या सीटवर बसणाऱ्याचा डाव्या खांद्यावरून, थेट डबीवर. घडी केलेला रुमाल मधे ठेवला की भागतं. पट्टा सोडायचा नाही. जखम लाल झाली, सुजली, ओलसर झाली, ताप आला, पुन्हा भोवळ आली, किंवा उचकी थांबेचना, तर मात्र घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जायचं. उचकीचं कारण ऐकून मी थक्क झालो: वायर जरा सरकली तर तिचा ठोका श्वासपटलाच्या नसेला लागू शकतो, आणि माणूस पेसमेकरच्या तालावर उचक्या देतो.

तिसऱ्या आठवड्यात मावशी रिक्षातून आली आणि म्हणाली, "अरे, रस्त्यात छाती भराभर चालायला लागली. बसलेलीच होते मी!" ती घाबरली होती. मी डॉक्टरांना फोन केला. ते आधी हसले आणि मग म्हणाले, पुढच्या तपासणीत बघू, सेन्सर थोडा कमी करू. निरोगी पुंजका माणूस जिना चढू लागला की वेग वाढवतो. थकलेल्याला ते जमत नाही. म्हणून डबीत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. शरीर हललं की ही बाई चालते आहे असं समजून तो ठोके वाढवतो. आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून रिक्षा गेली, तेव्हा यंत्राला वाटलं की मावशी धावते आहे. जुन्या सेन्सरांची आणखी एक खोड प्रसिद्ध आहे. जिना उतरताना पाऊल जोरात पडतं, म्हणून ते चढण्यापेक्षा उतरतानाच वेग जास्त वाढवत. उलट, खुर्चीत बसून क्रिकेटची शेवटची ओव्हर पाहणाऱ्याच्या छातीतली धडधड या सेन्सरच्या गावीही नसते, कारण माणूस हललेलाच नाही. म्हणून काही यंत्रं श्वास मोजतात, तर काही हृदय किती जोरानं आवळतंय याचा अंदाज घेतात आणि त्यावरून मनातली खळबळही थोडीफार ओळखतात.

एक विषय आम्ही टाळत होतो, तो मावशीनंच काढला. "मी गेल्यावर हे आत राहू द्यायचं का?" नाही. अग्नी देण्याआधी पेसमेकर काढावाच लागतो, कारण उष्णतेनं त्याची बॅटरी फुटते. कुटुंबानं आठवणीनं डॉक्टरांना सांगायचं असतं. मी हे चाचरत सांगितलं. मग मुंबईचं उदाहरणही सांगितलं: अमेरिकेत अंत्यसंस्कारांच्या वेळी काढलेले, बॅटरी शिल्लक असलेले पेसमेकर निर्जंतुक करून होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये 53 गरीब रुग्णांना बसवले गेले, आणि ते नीट चालले. मावशीनं थोडा विचार केला. "म्हणजे कुण्या मडमेचं यंत्र आपल्या एखाद्या बाईला," ती म्हणाली. "तिला कळायचं का, आता ही बाई मराठीत भांडते म्हणून?"

सहा आठवड्यांनी तपासणी झाली. तंत्रज्ञानं डबीवर एक चपटं यंत्र ठेवलं आणि पडद्यावर मावशीचे दीड महिन्यांतले ठोके मांडले. शिरेत, कातडीत कुठेही काही न टोचता. वायरी रुजल्या होत्या, म्हणून ठोक्याचा जोर कमी केला. त्यानं बॅटरी जास्त टिकते. सेन्सरही जरा मंद केला. मग तो म्हणाला, "वरच्या कप्प्यातले शंभरातले अडतीस ठोके यंत्रानं दिलेत."

मावशीनं बोटांवर मोजलं. "आणि बासष्ट?"

"ते तुमचेच, आजी."

रिक्षात बसल्यावर तिनं पदर सारखा केला, फोन कमरेच्या पिशवीत टाकला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "खड्डे चुकवून चल रे बाबा. याला वाटतं मी पळतेय."