उसाच्या फडातली कांजी

जपानने रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी, म्हणजे मुळात चिनी लिपीतली चिन्हं, 2136 आहेत. बाराखडीवर वाढलेल्या माणसाला या आकड्याने धडकी भरते. आपल्याकडे अक्षर दिसलं की उच्चार आलाच. कांजीत आधी अर्थ दिसतो, उच्चार वेगळा कमवावा लागतो. यावर जगभर चालणारा उपाय म्हणजे आकृतीचे तुकडे पाडून त्यांची गोष्ट रचायची. जेम्स हायझिग यांनी 1970च्या दशकात तो पुस्तकरूपात आणला, पण इंग्रजीत. बारामती-इंदापूरच्या मुलांनी त्या गोष्टी उसन्या का घ्याव्यात? शेताची कांजी म्हणजे चौकोनात एक उभी, एक आडवी रेघ. बांध घालून पाडलेले चार वाफेच. तिच्या डावीकडे आग मांडली की झालं कोरडवाहू रान. ही कांजी चीनमधून आलेली नाही, जपान्यांनीच घडवली. तोडणीनंतर फडात पाचट पेटलेलं ज्याने पाहिलंय त्याला ती दुसऱ्यांदा शिकवायला नको. (पाचट जाळू नये, कुजवावं, हे खरंच, इथे ते फक्त डोळ्यांसमोर जाळायचंय.) शेताखाली ताकद लिहिली की पुरुष. खुरपणी बायकांच्याच हातून होते त्या गावातल्या मुली यावर हसतील. हसल्या तर उत्तमच, लक्षात राहील.

अशा गोष्टी खोट्या असतात, हा आक्षेप बरोबर आहे. पूर्व दिशेची कांजी झाडाआडून उगवणारा सूर्य म्हणून शिकवतात. अभ्यासकांच्या मते ती मुळात दोन्ही टोकांना बांधलेली पिशवी. पण ‘तानापिहिनिपाजा’ला तरी कुठे अर्थ आहे? त्यावाचून इंद्रधनुष्याचे रंग ओळीने सांगणारे किती निघतील?

दुसरा आक्षेप जड आहे: गोष्टीने अर्थ कळतो, वाचन येत नाही. तीच शेताची कांजी कुबोटात ‘ता’ होते, होंडात ‘दा’ आणि तेलक्षेत्राच्या ‘युदेन’मध्ये ‘देन’. इथे युक्ती थकते, शब्दच पाठ करावे लागतात. मात्र 2136 पैकी बहुतेक कांजींचा एक भाग अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार. निळ्याच्या कांजीला पाणी जोडा, सूर्य जोडा, तांदूळ जोडा. स्वच्छ, निरभ्र, सत्त्व असे अर्थ बदलतात, चिनी वळणाचा उच्चार ‘सेइ’च राहतो. गोष्टी रचण्यात रमलेल्या वर्गांत ही ध्वनीची किल्ली मागे पडते. पुण्यात होणाऱ्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत तर कांजी लिहायचीच नसते, पर्यायांतून ओळखायची असते; म्हणून पहिल्या शंभरेक कांजींसाठी शिवार वापरावं, पुढे ‘सेइ’सारखी एका उच्चाराची कुटुंबंच एकत्र शिकवावीत.